ओपनट्रिपप्लॅनर: प्रवासाचे गणित उघडे ठेवणारे सॉफ्टवेअर

ओपनट्रिपप्लॅनर हे बस, रेल्वे, मेट्रो, जलवाहतूक, सायकल आणि पायी चालणे यांची सांगड घालून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे जावे हे सांगणारे सॉफ्टवेअर आहे. ते फोनवर उतरवून घ्यायचे ॲप नाही. परिवहन संस्थांच्या ॲपमागे आणि संकेतस्थळांमागे सर्व्हरवर चालणारे, प्रश्न आला की उत्तर शोधून देणारे ते इंजिन आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या ‘ट्रायमेट’ या परिवहन संस्थेच्या पुढाकाराने त्याचे काम सुरू झाले. आज नॉर्वेचे राष्ट्रीय प्रवास-नियोजन सांभाळणारी ‘एंटूर’, हेलसिंकी परिसराची ‘एचएसएल’, दक्षिण स्वीडनमधील ‘स्कोनेत्राफिकेन’ अशा संस्था ते दैनंदिन कामात वापरतात आणि त्याच्या विकासाचा बराचसा भारही अशाच संस्थांचे प्रोग्रामर उचलतात. कोड खुला असल्यामुळे परवान्याचे शुल्क नाही. कोणीही ते घ्यावे, वाचावे, बदलावे आणि चालवावे. हे परीक्षण मुख्यतः परिवहन संस्थेत अशा सॉफ्टवेअरची निवड करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि वाहतुकीच्या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या, संगणकाची बऱ्यापैकी ओळख असलेल्या वाचकांसाठी आहे. ज्याला केवळ रोजच्या प्रवासासाठी ॲप हवे आहे त्याला येथे थेट उपयोगाचे काही मिळणार नाही. मात्र आपल्या फोनवर पहिला दिसणारा पर्याय पहिलाच का असतो, हे कुतूहल असेल तर त्यानेही पुढे वाचण्यास हरकत नाही.

उभारणीबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअर जावा भाषेत लिहिलेले आहे आणि एकाच फाइलच्या रूपात मिळते. त्याला दोन गोष्टी पुरवाव्या लागतात: रस्त्यांचा नकाशा, जो ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशातून विनामूल्य घेता येतो, आणि ठरावीक साच्यात बसवलेले परिवहन सेवेचे वेळापत्रक. या दोहोंपासून ते रस्ते आणि थांबे यांचे एक जाळे बांधून ठेवते व पुढची सर्व उत्तरे त्या जाळ्यावर शोधते. चाचणीसाठी मी एका मध्यम आकाराच्या शहराची खुली माहिती वापरली आणि साध्या लॅपटॉपवर तेवढे काम विनातक्रार झाले. संपूर्ण देशाचे जाळे बांधायचे असेल तर मात्र मेमरीची गरज इतकी वाढते की स्वतंत्र, दणकट सर्व्हरला पर्याय राहत नाही. आज्ञा टाइप करून काम करण्याची सवय नसलेल्याला पहिली पायरीच अवघड जाईल. दस्तऐवज सविस्तर आहेत, परंतु ते प्रोग्रामरने प्रोग्रामरसाठी लिहिलेले आहेत. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीविषयीची माहिती आंतरजालावर एकमेकींत मिसळून पडलेली असल्याने नवख्या माणसाने प्रत्येक सूचना कोणत्या आवृत्तीची आहे हे आधी तपासावे.

वेळापत्रकाचा जो साचा येथे लागतो तो जीटीएफएस या नावाने ओळखला जातो. २००५ च्या सुमारास ट्रायमेट आणि गूगल यांच्या सहकार्यातून तो जन्माला आला, आणि आज जगभरच्या परिवहन संस्था त्यात आपली माहिती प्रसिद्ध करतात. त्याची रचना दिसायला अगदी साधी आहे: काही मजकूर-फाइली, ज्यांपैकी एकीत थांब्यांचे अक्षांश-रेखांश, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत सेवेचे दिवस आणि सर्वांत मोठ्या फाइलीत प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरची वेळ. मध्यरात्रीनंतर दीड वाजता संपणाऱ्या फेरीची वेळ या साच्यात २५:३० अशी लिहितात, कारण ती फेरी आदल्या दिवसाच्या सेवेचा भाग असते. आगारात ड्यूटी लावणाऱ्याला हे चटकन पटते. संगणकाच्या माणसाला मात्र थोडे समजावून सांगावे लागते. वेळापत्रकाचे छायाचित्र किंवा पीडीएफ संकेतस्थळावर टाकणे यालाच अनेक ठिकाणी डिजिटल होणे समजले जाते. माणूस ते वाचू शकतो हे खरे, परंतु त्यावरून यंत्राला एकही जोडप्रवास शोधता येत नाही, आणि जोडप्रवास शोधता आला नाही तर प्रवाशाच्या दृष्टीने त्या शहरात एकेकटे सुटे मार्ग असतात, त्यांची मिळून एक व्यवस्था होत नाही.

आता मूळ कामगिरीकडे वळू. पहिल्या आवृत्तीत उत्तर शोधण्याची पद्धत नकाशावरील मार्ग शोधण्याच्या परिचित पद्धतीचाच विस्तार होता, आणि मोठ्या जाळ्यांवर ती मंदावत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत सार्वजनिक वाहतुकीच्या शोधासाठी रॅप्टर ही पद्धत आणली गेली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील डॅनिएल डेलिंग, थॉमस पायोर आणि रेनाटो वेर्नेक यांनी ती २०१२ मध्ये मांडली होती. तिची कल्पना एखाद्या मुरलेल्या प्रवाशाच्या विचारासारखी आहे: पहिल्या टप्प्यात गाडी न बदलता कुठे कुठे पोहोचता येते ते पाहायचे, दुसऱ्या टप्प्यात एकदा गाडी बदलून, तिसऱ्यात दोनदा बदलून, आणि प्रत्येक टप्प्यात कोणताही मार्ग फार तर एकदाच चाळायचा. त्यामुळे थेट जाणारी पण उशिरा पोहोचवणारी बस आणि दोन ठिकाणी उतरून लवकर पोहोचवणारा प्रवास हे दोन्ही पर्याय एकमेकांना न झाकता समोर येतात. शहराच्या आकाराच्या जाळ्यावर उत्तर येण्यास लागणारा वेळ जाणवतही नाही. दुसरा फायदा असा की ही पद्धत वेळापत्रकावरच थेट चालते. त्यासाठी आधी फारसे गणित करून ठेवावे लागत नाही, त्यामुळे एखादी गाडी उशिरा धावत असल्याची बातमी येताच पुढचे उत्तर त्या बातमीसह देता येते. एकमेकांशी जवळजवळ सारखे असलेले पर्याय गाळून टाकण्याची सोयही चांगली आहे. एकाच बसमध्ये एक थांबा आधी चढा किंवा एक थांबा नंतर चढा, अशा निरर्थक पर्यायांनी यादी फुगत नाही.

परंतु या सॉफ्टवेअरची शिफारस करावी असे मला वाटते त्याचे कारण वेग हे नाही. पोहोचण्याची वेळ आणि गाडी बदलण्याची संख्या यांच्या जोडीला ते प्रत्येक प्रवासाचा एक एकत्रित भार मोजते, आणि हा भार कसा मोजायचा हे ठरवणारे सर्व आकडे संस्थेच्या हाती, एका साध्या मजकूर-फाइलीत, उघडे असतात. उदाहरणार्थ, चालण्याच्या नावडीचा गुणक मुळात २ ठेवलेला आहे. म्हणजे एक मिनिट चालणे हे गाडीत दोन मिनिटे बसण्याइतके जड धरले जाते. चालण्याचा वेग सेकंदाला १.३३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४.८ किलोमीटर गृहीत धरला आहे. गाडी बदलताना किती मिनिटांची सवड राखायची, प्रत्येक वेळी गाडीत चढण्याचा त्रास किती धरायचा, थांब्यावर वाट पाहणे किती कंटाळवाणे मानायचे, सायकलस्वाराने चढ टाळायचा की अंतर टाळायचे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकेका आकड्यात दडलेले आहे.

हे आकडे तांत्रिक वाटतात, पण व्यवहारात ते वाहतुकीचे धोरण असते. चालण्याची नावड वाढवली की नियोजक, म्हणजे प्रवास आखून देणारे हे सॉफ्टवेअर, दोन थांब्यांसाठीही बस सुचवू लागतो आणि आधीच भरलेल्या गाडीत आणखी माणसे पाठवतो. ती कमी केली की तो माणसाला पुढच्या, अधिक वारंवार सेवा असलेल्या रस्त्यापर्यंत चालवत नेतो. गाडी बदलण्याच्या भाराचे उदाहरण त्याहून बोलके आहे. आज अनेक शहरे आपली बससेवा नव्याने आखताना वळणावळणाचे, तासाला एखादी फेरी असलेले थेट मार्ग कमी करतात आणि मोजक्या सरळ मार्गांवर भरपूर फेऱ्या देतात, म्हणजे तेवढ्याच गाड्यांत आणि तेवढ्याच इंधनात सरासरी प्रवास लवकर होतो, मात्र वाटेत एकदा उतरावे लागते. आता अशा शहराच्या नियोजकात गाडी बदलण्याचा भार जुन्या सवयीप्रमाणे जास्तच राहिला, तर तो प्रवाशाला उरलासुरला थेट मार्गच वर दाखवत राहील; एका विभागाने वर्षभर खपून केलेली आखणी दुसऱ्या विभागाच्या फाइलीतला एक आकडा निकामी करील, आणि याचा पत्ता दोघांनाही लागणार नाही. अर्थात असे आकडे प्रत्येक नियोजकात असतातच, बंद ॲप्समध्येही. फरक इतकाच की तिथे ते कोणी ठरवले आणि कशासाठी, हे विचारण्याची सोय नसते. ज्या ॲपचे उत्पन्न टॅक्सीच्या भाड्यातून येते त्याने टॅक्सीचा पर्याय वर ठेवला तर त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. पण सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या सेवेची दारे अशा क्रमवारीवर सोपवावीत का, याचा विचार संस्थेने आधी करायला हवा.

याच ठिकाणी माझी मोठी तक्रारही आहे. आकडे उघडे आहेत, पण ते कसे ठरवावेत याविषयी मार्गदर्शन फारच तोकडे आहे. कोणता आकडा काय करतो हे दस्तऐवज सांगतात. आपल्या शहरासाठी तो किती असावा हे कसे शोधायचे, यावर ते जवळजवळ गप्प आहेत. परिणामी बहुतेक नवे वापरकर्ते मूळ आकडेच पुढे चालू ठेवतात. ताशी ४.८ किलोमीटर हा धडधाकट, मोकळ्या हाताच्या माणसाचा सपाट पदपथावरचा वेग आहे. कडेवर मूल घेतलेल्या बाईचा, गुडघे दुखणाऱ्या वृद्धाचा, भर उन्हात किंवा पावसात तुटक्या पदपथावरून जाणाऱ्या कोणाचाही तो नाही. तिकीट-यंत्रांच्या आणि स्मार्ट कार्डांच्या नोंदींवरून लोक प्रत्यक्षात कोणता मार्ग निवडतात हे कळू शकते आणि त्यावरून आकडे बेतता येतात, परंतु ही पद्धत संस्थेने स्वतःच उभारायची आहे. असे एखादे साहाय्यक साधन सोबत मिळाले असते तर या सॉफ्टवेअरचे मोल दुप्पट झाले असते.

दुसरी बाब माहितीच्या दर्जाची. नियोजक पुरवलेल्या माहितीवर पूर्ण विश्वास ठेवतो, आणि ती सदोष असली की तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देतो. थांब्याची खूण रस्त्याच्या चुकीच्या बाजूला पडली असेल तर तो माणसाला विरुद्ध दिशेच्या बसची वाट पाहायला लावील. नकाशात दुभाजकावरून जाण्याची वाट नोंदलेली नसेल तर समोर दिसणाऱ्या थांब्यासाठी दूरचा वळसा सांगील. सेवेच्या दिवसांची फाइल वेळेवर वाढवली नाही तर एका सकाळी ‘कोणतीही सेवा उपलब्ध नाही’ असे म्हणून मोकळा होईल. याचा दोष सॉफ्टवेअरला देता येत नाही. उलट जाळे बांधताना सापडलेल्या विसंगतींचा ते जो अहवाल तयार करते तो मला या संपूर्ण साधनातील सर्वांत कमी नावाजलेला आणि सर्वांत उपयुक्त भाग वाटला. कोणता थांबा कोणत्याच रस्त्याला जोडला गेला नाही, कोणत्या फेरीच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत, कोणत्या दोन थांब्यांमध्ये बस अशक्य वेगाने धावत असल्याचे वेळापत्रक सांगते, हे सारे त्यात ओळीने मिळते. मी वापरलेल्या माहितीत अशा अशक्य वेगाच्या जोड्या निघाल्या, आणि त्या पाहताच लक्षात आले की वेळापत्रक करणाऱ्याने मधल्या थांब्यांच्या वेळा नुसत्या समान भागांत वाटून टाकल्या असाव्यात. ज्या संस्थेला नियोजक चालवायचा नाही तिनेही केवळ हा अहवाल मिळवण्यासाठी एकदा जाळे बांधून पाहावे, असे मी सुचवीन.

ताज्या माहितीच्या बाबतीत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. जीटीएफएसला २०११ मध्ये रिअलटाइमची जोड मिळाली, तिच्यातून तीन प्रकारचे संदेश येतात: फेरीला किती उशीर आहे, गाडी आत्ता कुठे आहे, आणि सेवेत काय अडथळा आहे. ओपनट्रिपप्लॅनर हे तिन्ही स्वीकारते. युरोपात प्रचलित असलेले नेटेक्स आणि सिरी हे साचेही दुसऱ्या आवृत्तीला समजतात, आणि त्याचे श्रेय मुख्यतः नॉर्वेच्या एंटूरला जाते. परंतु गाडी कधी पोहोचेल याचे भाकीत ते स्वतः करत नाही. ते भाकीत नियंत्रण कक्षाच्या वेगळ्या यंत्रणेने करून पाठवायचे असते. त्यामुळे प्रवाशाला मिळणाऱ्या उत्तराची विश्वासार्हता शेवटी गाडीतल्या जीपीएस यंत्रावर, त्या यंत्राला फेरीशी जोडणाऱ्या माणसावर आणि नियंत्रण कक्षाच्या शिस्तीवर अवलंबून राहते. सकाळी ड्यूटीवर येताना चालकाने किंवा वाहकाने यंत्रात चुकीचा फेरी क्रमांक टाकला, तर गाडी नकाशावर योग्य जागी दिसते पण भलत्याच फेरीच्या नावाने. एखादी बस आगारातच बंद पडली आणि ती फेरी रद्द झाल्याचा संदेश कोणी पाठवला नाही, तर नियोजकाच्या लेखी ती बस वेळापत्रकाप्रमाणे धावतच असते आणि थांब्यावर उभा असलेला माणूस कधीच न येणाऱ्या बसची उलटी गणती पाहत राहतो. अशा कागदोपत्री धावणाऱ्या बसचा एक अनुभव प्रवाशाला ॲपवरचा विश्वास सोडायला पुरेसा असतो. सॉफ्टवेअर प्रत्येक उत्तरासोबत ही वेळ ताजी आहे की नुसती वेळापत्रकातली, याची खूण पाठवते ही त्याची प्रामाणिक बाजू आहे. ॲप बनवणारे मात्र ती खूण पडद्यावर आणण्याचा आळस करतात किंवा ती रंगाच्या इतक्या फिकट छटेत दाखवतात की ती असून नसल्यासारखी होते.

जोडगाडी चुकण्याची शक्यता ते टक्केवारीत सांगत नाही. दोन गाड्या एकमेकींना अनेक थांब्यांवर भेटत असतील तर त्यांपैकी अधिक सवड मिळणारा थांबा निवडण्याची सोय मात्र आहे, आणि ती चालू करून पाहिल्यावर उत्तरे लक्षणीयरीत्या शहाणी वाटू लागतात. दोन मिनिटांत जिना चढून पलीकडच्या फलाटावर पळण्याऐवजी ते एक थांबा आधी, समोरच्याच फलाटावर उतरायला सांगते.

दिव्यांग प्रवाशांसाठीची सोय विचारपूर्वक केलेली आहे. व्हीलचेअरने जाता येईल असाच प्रवास शोधा, असे सांगितल्यावर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा नोंदींवर ते थांबत नाही. ज्या थांब्यांविषयी नोंदच नाही त्यांना पूर्णपणे वगळायचे की काही भार लावून विचारात घ्यायचे, हेही ठरवता येते. ही बाब किरकोळ नाही, कारण अनेक ठिकाणी बहुतांश थांब्यांविषयी अशी नोंद कोणी केलेलीच नसते, आणि सरसकट वगळण्याचे धोरण ठेवले तर यंत्र संपूर्ण शहरच त्या प्रवाशासाठी बंद असल्याचे सांगते. सायकलसाठी वेळ, सुरक्षितता आणि चढ यांचे प्रमाण तीन कोनांच्या त्रिकोणात बसवून ठरवण्याची पद्धत जुनी असली तरी आजही तितकीच समर्पक वाटते. उंचीची माहिती पुरवली नाही तर मात्र चढाचा कोन निरर्थक ठरतो.

शाश्वत वाहतुकीच्या चर्चेत ज्या भागाचा उल्लेख हमखास होतो तो म्हणजे प्रत्येक पर्यायासोबत दाखवला जाणारा कार्बन उत्सर्जनाचा आकडा. ओपनट्रिपप्लॅनरमध्ये ही सोय मुख्य भागात नसून पूरक भागात आहे, आणि तिला लागणारी माहिती संस्थेने द्यायची असते: कोणत्या मार्गावरच्या वाहनाचे किलोमीटरमागे सरासरी उत्सर्जन किती आणि त्यात सरासरी किती माणसे बसतात. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की प्रवाशामागचा आकडा निघतो. हिशेब म्हणून यात काही चूक नाही. परंतु प्रवाशाने बस घ्यावी की गाडी काढावी, या निर्णयासाठी सरासरीपेक्षा वेगळाच आकडा महत्त्वाचा असतो. दुपारच्या वेळी अर्धी रिकामी धावणारी बस आपण बसलो काय आणि न बसलो काय, धावणारच असते. आपल्या एका बसण्याने तिचे इंधन नगण्य वाढते. सरासरीचा आकडा मात्र नेमक्या अशा रिकाम्या बसला प्रदूषणकारी ठरवतो आणि गच्च भरलेल्या, पुढच्या वर्षी नवी फेरी वाढवायला लावणाऱ्या बसला स्वच्छ. प्रवाशाला गर्दीकडे ढकलणारा हा सल्ला परिवहन संस्थेच्याही हिताचा नाही. शिवाय मार्गाचा वर्षभराचा सरासरी आकडा सकाळच्या आणि रात्रीच्या फेरीला सारखाच लागू होतो. गाड्यांत स्वयंचलित प्रवासी-गणना यंत्रे बसवलेली असतील तर ही माहिती वेळेनुसार वेगळी करता येईल, पण तोपर्यंत तरी हा आकडा पडद्यावर ठळक अक्षरांत झळकवण्यास माझा विरोध राहील. खासगी गाडीशी तुलना दाखवायची असेल तर ढोबळ अंतर पुरेसे आहे, आणि ते दाखवायला ग्रॅमपर्यंतची अचूकता लागत नाही.

खरी बचत कुठे होते, हे वेगळे पाहायला हवे. नियोजकामुळे बसचा एक थेंबही इंधन वाचत नाही. बचत तेव्हा होते, जेव्हा एखादा माणूस दोन मार्गांचा जोडप्रवास शक्य आहे हे प्रथमच पाहतो आणि त्या दिवशी आपली गाडी घरी ठेवतो. आणि त्याहून मोठी बचत तेव्हा, जेव्हा संस्था स्वतः या यंत्राला प्रश्न विचारू लागते. शहराच्या अमुक भागातून रुग्णालयापर्यंत पोहोचायला रविवारी किती वेळ लागतो, प्रस्तावित वेळापत्रकात तो घटतो की वाढतो, दोन मार्गांच्या वेळा पाच मिनिटांनी सरकवल्या तर किती जोडण्या सुटतात आणि किती जुळतात, हे नव्या गाड्या विकत घेण्याआधी तपासता येते. येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी: पहिल्या आवृत्तीत अशा विश्लेषणासाठी जी खास साधने होती ती दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य भागातून काढून टाकली आहेत, कारण ती आवृत्ती प्रवाशांना माहिती देण्याच्या कामावरच लक्ष केंद्रित करते. मोठ्या प्रमाणावर विश्लेषण करायचे असेल तर त्याच परंपरेतून निघालेले, कॉन्व्हेयल या संस्थेचे आर-५ हे साधन अधिक सोयीचे पडेल. मोजक्या प्रश्नांसाठी मात्र ओपनट्रिपप्लॅनरला एकामागून एक प्रश्न विचारणारी छोटी आज्ञावली लिहिली तरी भागते.

राहिलेल्या गोष्टी झटपट उरकतो. सोबत मिळणारा नकाशा-पडदा केवळ चाचणीसाठी आहे आणि तो प्रवाशांपुढे ठेवण्यासारखा मुळीच नाही. भाड्याचा हिशेब करता येतो, परंतु सवलती, पास आणि वेगवेगळ्या संस्थांची एकत्र तिकिटे यांच्या गुंत्यात तो लवकरच कमी पडतो. तिकीट विकणे हे त्याचे कामच नाही. ते वेगळ्या यंत्रणेवर सोपवावे लागते. मागणीनुसार धावणाऱ्या छोट्या गाड्यांची आणि भाड्याच्या सायकलींची माहिती ते घेऊ शकते, मात्र त्या सेवांनी ती योग्य साच्यात द्यायला हवी.

पर्याय म्हणून मोटिस या जर्मनीत विकसित झालेल्या खुल्या सॉफ्टवेअरचा विचार जरूर करावा. ते सी-प्लस-प्लस भाषेत लिहिलेले, मेमरीच्या बाबतीत काटकसरी आणि फार मोठ्या प्रदेशांवर वेगवान आहे; २०२४ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली ट्रान्झिटस ही अनेक देशांची एकत्र सेवा त्याच्यावरच उभी आहे. एकाच संस्थेच्या धोरणानुसार आकडे बारकाईने बेतायचे असतील तर मला ओपनट्रिपप्लॅनर अधिक हाताळण्याजोगे वाटले. एकाच साच्याचे उत्तर अनेक देशांत हवे असेल तर मोटिस. व्यावसायिक सेवा घेण्याचा मार्गही आहेच, आणि ज्या संस्थेकडे संगणकाचे मनुष्यबळ अजिबात नाही तिने तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र हेलसिंकीचा अनुभव ध्यानात ठेवावा. सर्व प्रकारची वाहतूक एका वर्गणीत देऊ पाहणारे विम हे गाजलेले ॲप २०१६ मध्ये तिथेच सुरू झाले आणि २०२४ मध्ये ते चालवणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले. त्याच शहराचा ओपनट्रिपप्लॅनरवर आधारलेला सार्वजनिक नियोजक त्यानंतरही चालूच राहिला. ॲप येतात आणि जातात. खालची माहिती आणि शोधाचे इंजिन सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात असले तर त्यांच्या जाण्याने प्रवासी अडत नाही.

ज्या संस्थेचे वेळापत्रक आधीच जीटीएफएस साच्यात आहे आणि जिच्याकडे सर्व्हर सांभाळणारी एखाद-दोन जाणती माणसे आहेत, तिने ओपनट्रिपप्लॅनर निःशंकपणे घ्यावे. ज्या संस्थेचे वेळापत्रक अजून कागदावर किंवा आगारप्रमुखाच्या डोक्यात आहे, तिने आधी ते साच्यात आणावे आणि सॉफ्टवेअरचा विचार नंतर करावा, कारण रिकाम्या जाळ्यावर चालणारे उत्तम इंजिनही काही सांगू शकत नाही. दोन्ही बाबतींत माहितीच्या फाइलीची जबाबदारी एका नावाने नेमलेल्या माणसाकडे असावी, आणि त्याला मार्ग बदलणाऱ्या विभागाकडून बदलाची खबर अंमलबजावणीच्या आधी मिळावी. काम बाहेरच्या कंपनीला द्यायचे ठरले, तर करारात दोन अटी जरूर घालाव्यात: चालणे, वाट पाहणे आणि गाडी बदलणे यांचे भार ठरवणारी फाइल संस्थेच्या मंजुरीशिवाय बदलली जाऊ नये, आणि तिची चालू प्रत संकेतस्थळावर कोणालाही वाचता यावी.